पर्यावरणाचे नियम आणि कारखानदारांची संघटना: सांगली-मिरज-कुपवाडच्या सभासदांचे नेहमीचे प्रश्न

माझी ओतकामाची छोटी शेड कुपवाड एमआयडीसीत आहे आणि आमच्या कारखानदार संघटनेच्या पर्यावरण समितीचं काम मी बघतो. बैठक संपून चहा आला की खरे प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी तेच असतात. नवीन सभासदांना एका जागी वाचता यावं म्हणून ते इथं उत्तरांसह लिहून ठेवतोय.

पर्यावरणाच्या बाबतीत संघटना नेमकं करते काय?

नियमाचा मसुदा निघाला की तो वाचून आपल्या शेडवर त्याचा काय परिणाम होईल हे सभासदांना सांगते, मुदतीत हरकती-सूचना पाठवते, प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीत बोलते आणि वेळ आली तर अपिलात उभी राहते. याशिवाय एक काम आहे जे कुणी मोजत नाही, पण माझ्या मते तेच सगळ्यांत मोठं. ते म्हणजे सभासदाला स्वतःचा धूर आणि स्वतःचं सांडपाणी मोजायला लावणं. मोजमाप हातात नसलेली संघटना फक्त गाऱ्हाणं सांगू शकते.

नियम दिल्लीत ठरतात. कुपवाडच्या शेडमधून काय बदलणार?

बदलतं, पण वेळेत बोललं तर. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालच्या नियमांत अशी तरतूद आहे की केंद्राला एखादं बंधन घालायचं असेल तर आधी मसुदा राजपत्रात छापायचा आणि साठ दिवसांत कुणालाही लेखी हरकत घेता आली पाहिजे. कुणालाही म्हणजे तुम्हालाही. त्यासाठी लेटरहेड लागत नाही. (सार्वजनिक हितासाठी हा टप्पा वगळण्याचा अधिकार सरकारकडे आहे, तेही लक्षात असू द्या.) कायदाच नवीन येत असेल तर २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो.

अडचण अशी की मसुदा निघाल्याचं आपल्याला कळतं तेव्हा चाळीस दिवस उलटलेले असतात, आणि भाषा इंग्रजी असते. २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करायला सांगितलं. त्या मागणीसाठी कोर्टात पर्यावरणवाले गेले होते, कारखानदार नव्हे. आपण जायला हवं होतं, कारण मराठीतला मसुदा आपल्या मिस्त्रीलाही वाचता आला असता.

आपलं म्हणणं वर जातं ते पायरीपायरीने. तालुक्याची किंवा वसाहतीची संघटना, मग राज्य पातळीवर महाराष्ट्र चेंबर (वालचंद हिराचंदांनी १९२७ साली स्थापन केलेली), आणि त्यापुढे त्या त्या धंद्याची देशपातळीवरची संघटना. प्रत्येक पायरीवर आपलं म्हणणं थोडं पुसट होतं. म्हणून खालून जाणारा कागद जितका नेमका, तितका तो वर टिकतो.

हरकतीचं पत्र कसं लिहायचं?

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मसुद्यावर एकच पत्र तयार केलं. "सदर नियम लघुउद्योगांना जाचक असून तो तात्काळ रद्द करावा." खाली सगळ्यांच्या सह्या, शिक्के. मी स्वतः मोटारसायकलवर फिरून त्या सह्या गोळा केल्या होत्या. पत्राला उत्तर आलं नाही. नंतर एका जाणत्या अधिकाऱ्याने मला शांतपणे विचारलं, "साहेब, रद्द करा म्हणता, पण तुमच्या चिमणीतून सध्या किती धूळ जाते?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या वेळी आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं बोलावली आणि काही सभासदांच्या चिमण्या मोजायच्या ठरवल्या. पहिल्याच शेडमध्ये अडलं. चिमणीला नमुना घ्यायचं भोक नव्हतं, शिडी नव्हती, उभं राहायला प्लॅटफॉर्म नव्हता. दुसरीकडे शिडी होती, पण गंजून तिचे दोन पाय गेलेले. त्या शेडचे मालक काका म्हणाले, "अहो, वीस वर्षांत वर कोण चढलंय?" त्या एका दिवसात मला आमच्या जुन्या पत्राचं मोल कळलं. वेल्डर बोलावले, भोकं पाडली, शिड्या बसवल्या आणि मगच मोजणी झाली.

पत्रात काय हवं ते यातूनच आलं. तुमचा सध्याचा आकडा, नव्या मर्यादेचा आकडा, मधलं अंतर भरायला कोणतं यंत्र लागेल, ते बसवायला किती दिवस काम बंद ठेवावं लागेल, पैसे कुठून उभे राहतील आणि किती महिन्यांत होईल. "रद्द करा" हा शब्द पत्रात नको. "इतक्या क्षमतेखालच्या युनिटला अमुक मुदत द्या" असं लिहिलं तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

लहान-मोठं असा फरक कायद्याला समजतो, याचं उदाहरण आपल्याच धंद्यात आहे. कुपोला भट्टीच्या (लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीच्या) राष्ट्रीय मानकांत ताशी तीन टनांखालच्या भट्टीला धुळीची मर्यादा घनमीटरला ४५० मिलिग्रॅम आहे, तर तीन टन आणि त्यावरच्या भट्टीला १५०. जनरेटरच्या चिमणीचंही तसंच. इमारतीच्या मीटरमधल्या उंचीत जनरेटरच्या क्षमतेच्या (केव्हीए) वर्गमुळाची ०.२ पट मिळवायची, म्हणजे १०० केव्हीएच्या जनरेटरला छपरापेक्षा दोन मीटर वर. नियम आकड्यात बोलतो, तर आपणही आकड्यात बोलावं.

हे सगळं म्हणजे वशिला लावणंच झालं ना?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी रागावत नाही, कारण शंका रास्त आहे. अमेरिकेत सरकारदरबारी बाजू मांडणाऱ्यांना १९९५ च्या कायद्याने नोंदणी करून कुणासाठी, कशासाठी, किती खर्च केला हे जाहीर करावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये २०११ पासून अशी नोंदवही आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून आम्ही समितीत एक रीत ठेवली आहे. जे पत्र मंडळाला जातं त्याची प्रत सूचनाफलकावर लागते आणि अधिकाऱ्याच्या भेटीला किमान दोघं जातात. जे पत्र फलकावर लावायची लाज वाटेल ते पाठवायचं नाही.

संघटनेचं काम नियमाला विरोध करणं एवढंच असतं का?

बऱ्याच संघटनांचं तेवढंच असतं आणि त्यात शेवटी सभासदाचंच नुकसान होतं. तमिळनाडूतल्या तिरुपूरचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सभासदाला सांगतो. तिथल्या रंगाई युनिटांचं सांडपाणी नोय्यल नदीत जात होतं. खालच्या बाजूच्या ओरथुपाळयम धरणात साठलेलं पाणी शेतीच्या कामाचं राहिलं नाही. शेतकऱ्यांची संघटना कोर्टात गेली. रंगाईवाल्यांना मुदती मिळत गेल्या, सामायिक प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, पण पाणी पुरेसं सुधारलं नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक युनिटं एका फटक्यात बंद केली. ज्यांनी मनापासून यंत्रणा चालवली होती तेही बंद. मुदत मागणं चुकीचं नव्हतं, मिळालेल्या मुदतीत काम पुरं झालं नाही ही चूक होती. आमच्यातल्या कुणी सहा महिने मागितले की मी विचारतो, पहिल्या महिन्यात काय करणार ते आधी सांगा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंच्या उत्पादकांनी आणि वापरणाऱ्यांनी १९८० साली एकत्र येऊन निर्बंधांविरुद्ध आघाडी केली होती. १९८६ मध्ये त्याच आघाडीने आंतरराष्ट्रीय मर्यादेला पाठिंबा जाहीर केला आणि पुढच्या वर्षी मॉन्ट्रियल करार झाला. त्यात त्यांचा धंद्याचा हिशोब होताच. एका देशाने एकट्याने बंधन घालण्यापेक्षा सगळ्यांना सारखं बंधन बरं, असा तो हिशोब. आपल्यालाही तो लागू होतो. कुपवाडला नियम कडक आणि शेजारच्या जिल्ह्यात ढिला, तर प्रामाणिक माणूस मरतो. सगळ्यांना सारखा लावा, ही मागणी संघटनेने छातीठोकपणे करावी.

आणि तिसरं उदाहरण, जे मला आपल्यासाठी नको आहे. कोळशावरच्या वीज केंद्रांना डिसेंबर २०१५ मध्ये गंधक वायूची मर्यादा घातली आणि दोन वर्षं दिली. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. ज्यांनी वेळेत पैसे घालून यंत्रणा बसवली, त्यांच्या मनात काय आलं असेल याचा विचार करा.

नदी घाण झाली की बोट नेहमी कारखान्यांकडेच का?

कारण दोष काही अंशी आपला आहे. आणि काही अंशी नाही, तेही सांगितलं पाहिजे. शेरीनाल्याचं पाणी सांगलीकरांना नवीन नाही. शहराचं मैलापाणी त्यातून कृष्णेत जातं हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या वयाइतका जुना आहे. त्यात गाळप हंगाम संपत येतो तेव्हा फेब्रुवारी-मार्चला नदीला धार कमी असते, तेव्हा थोडी घाणही लगेच दिसते आणि मासे मेल्याच्या बातम्या येतात.

साखर कारखान्यांसाठी जानेवारी २०१६ ची मानकं आहेत. टनामागे सांडपाणी किती सोडायचं याला मर्यादा आहे आणि प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला लागत नसेल तेव्हा पंधरा दिवस साठवायची सोय बंधनकारक आहे. नदीत सोडायचं तर बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, जमिनीवर सोडायचं तर १०० च्या आत. डिस्टिलरीत मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याला, म्हणजे स्पेंटवॉशला तर बाहेर थेंब सोडायची परवानगी नाही. साखर धंद्याच्या संघटना मोठ्या आहेत, जुन्या आहेत, त्यांचा दिल्लीत आवाज आहे. आपण इंजिनिअरिंगवाले, ओतकामवाले, प्लेटिंगवाले (धातूवर मुलामा देणारे) लहान आहोत. म्हणून त्यांच्या मागे उभं राहून "आम्हीही तेच म्हणतो" असं पत्र पाठवायचा मोह होतो. मी त्याच्या विरोधात आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम, ओतकामाची वापरलेली काळी वाळू, तेलकट कापड, आम्लाचा गाळ. त्यावर आपण बोलावं.

महापालिकेच्या सांडपाण्याबद्दल बोलायचं असेल तर बोलावं, पण आपल्या गटाराच्या तोंडाचा नमुना हातात घेऊन. हरिपूरला संगमावर कृष्णेला वारणा मिळते तिथं माझे आजोबा पोहायला जात. मी माझ्या मुलाला तिथं पाण्यात उतरू देत नाही. मग मी कुठल्या तोंडाने फक्त नाल्याकडे बोट दाखवू?

मंडळाचा माणूस सांडपाण्याचा नमुना घ्यायला आला तर काय करायचं?

पळून जायचं नाही आणि फोन बंद करायचा नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्याने तिथल्या तिथे तुम्हाला नमुना घेत असल्याची नोटीस द्यायची असते. नमुन्याचे दोन भाग करा असं तुम्ही म्हणू शकता. ते म्हणावंच लागतं, न म्हटल्यास एकाच डब्यात भरून नेतात. दोन भाग केल्यावर दोन्ही डब्यांवर खूण, सील आणि दोघांच्याही सह्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो, दुसरा तुम्ही मागणी केल्यास कायद्याने ठरवलेल्या प्रयोगशाळेत. तुम्ही मुद्दाम गायब झालात तर त्याची एकट्याची सही चालते.

आमच्या एका सभासदाने दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली भरून खासगी लॅबला दिली आणि तो अहवाल घेऊन भांडायला गेला. त्याला अर्थ नाही. पाणी दुसरं, वेळ दुसरी, बाटली उन्हात ठेवलेली. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, तोवर नमुना नीट थंड ठेवला नसेल तर आकडा भलताच येतो. म्हणून संघटनेने शेडच्या गेटजवळ लावायला एक कागद छापून दिला आहे: नोटीस घ्या, दोन भाग मागा, सील बघा, सही करा, वेळ लिहा. ज्या कामगाराच्या पाळीत माणूस येईल त्यालाही ते माहीत हवं. रात्रपाळीचा ऑपरेटर घाबरून सही करतो किंवा पळतो, दोन्ही वाईट.

दंड किती होतो?

तुरुंगाची भीती बरीच कमी झाली आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात आणि पर्यावरण संरक्षण कायद्यात, आणि २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यात बऱ्याच कसुरींसाठी कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला. लहान माणसासाठी पंधरा लाख म्हणजे शेड विकणं. पण संघटनांनी वर्षानुवर्षं मागितलेला हा बदल आहे, हेही खरं.

यापलीकडे पर्यावरण भरपाई वेगळी. केंद्रीय मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे. प्रदूषणाच्या प्रमाणानुसार ठरलेल्या उद्योगाच्या वर्गाचा अंक (लालसाठी ८०, नारिंगीसाठी ५०, हिरव्यासाठी ३०), त्याला नियमभंगाचे दिवस, त्याला रुपयांचा दर (साधारण २५०), त्याला उद्योगाच्या आकाराचा आणि गावाच्या लोकसंख्येचा गुणक. नारिंगी वर्गातलं लहान युनिट घ्या. लहान असल्याने गुणक ०.५, लोकसंख्या दहा लाखांच्या आत असल्याने गुणक १. पन्नास गुणिले अडीचशे गुणिले अर्धा, म्हणजे दिवसाला ६,२५०. दहा दिवसांचे ६२,५००. नोटिशीत तुम्हाला मोठ्या उद्योगाचा १.५ गुणक लावला असेल तर हीच रक्कम तिप्पट होते. तेव्हा उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र फाईलमध्ये वर ठेवा. आमच्याकडे नोटीस घेऊन आलेल्या माणसाचा आकडा आम्ही आधी तपासतो, कारणं नंतर.

आदेशाविरुद्ध दाद कुठे?

कन्सेंट (कारखाना चालवायची मंडळाची संमती) नाकारली किंवा त्यात जाचक अट घातली तर जल कायद्याच्या कलम २८ खाली तीस दिवसांत अपील प्राधिकरणाकडे. बंदचा आदेश आला तर हरित लवादाकडे, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. लवादाच्या कायद्यात प्रातिनिधिक संघटनेलाही अर्ज करता येतो. पण संघटनेने लवादात जायचं ते नियमाच्या प्रश्नावर. एकट्या सभासदाचं चुकलेलं वाचवायला वर्गणीचा पैसा वापरायचा नाही, असा ठराव आमच्याकडे आहे.

जनसुनावणीला जायचं का?

जायचं. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकतात ती ही सुनावणी. सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते, त्यातलं एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेतलं असतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी. गणपूर्तीची अट नाही, चित्रीकरण होतं. तिथं संघटनेने टाळ्या वाजवायला माणसं भरून नेऊ नयेत. शेतकरी बोलत असताना गप्प बसून ऐकावं. त्यांच्यातले निम्मे आपल्याच कामगारांचे वडील असतात.

सांगलीच्या हवेचं काय?

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सांगली आहे, कोल्हापूरही. बारीक धुळीची (पीएम१०) वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. कृती आराखडा महापालिकेचा असतो. त्यात आपली एक साधी मागणी आहे. वसाहतीतले अंतर्गत रस्ते नीट करा. मालट्रक गेला की उडणारी धूळ आणि चिमणीची धूळ हवेत एकच होते. ते मागताना आपली चिमणी मात्र मोजलेली असावी.

एखादा सभासदच रात्री पाणी सोडत असेल तर?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. एका पावसाळ्यात आमच्या बाजूच्या नाल्याला रात्री अकरानंतर पिवळसर पाणी येत असे. पाऊस पडत असला की सोडायचं, म्हणजे वाहून जातं, अशी ती युक्ती. माझ्या शेडमागच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. मी टॉर्च घेऊन दोन रात्री उभा राहिलो आणि कुठून येतं ते बघितलं. तो आमचाच सभासद होता, मनाने वाईट नाही, मुलीच्या लग्नाला मी जेवून आलेलो. त्याला समितीसमोर बोलावलं. आधी नाकारलं, मग म्हणाला, "प्रक्रियेचा खर्च परवडत नाही हो." आम्ही त्याला सामायिक टँकरची सोय करून दिली आणि लेखी मुदत दिली. मुदत संपल्यावर पुन्हा तसंच झालं असतं तर मंडळाला आम्हीच कळवणार होतो, हे त्या कागदावर लिहिलेलं होतं. तेव्हा काही सभासदांनी मला तोंडावर सांगितलं की संघटना आपल्यासाठी असते, आपल्याविरुद्ध नाही. मी आजही त्यांच्याशी सहमत नाही. त्याचं एक पाणी पकडलं गेलं असतं तर पुढच्या प्रत्येक पत्रावर आमच्या सगळ्यांच्या सह्यांची किंमत शून्य झाली असती.

पर्यावरणाच्या बैठकीत दरवाढीचंही बोलून घेतलं तर चालेल का?

अजिबात नाही. नवीन यंत्रणेचा खर्च पडला म्हणून सगळ्यांनी किलोमागे इतके वाढवू, असा ठराव झाला तर तो स्पर्धा कायद्याचा भंग. २०१२ साली स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळून सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. आपल्या बैठकीत दराचा विषय निघाला तर मी इतिवृत्त लिहिणं थांबवतो आणि विषय बंद करतो.

पुढच्या बैठकीला काय घेऊन यायचं?

कन्सेंटची प्रत, शेवटच्या तपासणीचा अहवाल, चिमणीचा फोटो (शिडी आणि भोक दिसेल असा), महिन्याला किती पाणी येतं आणि किती बाहेर जातं याची वही. वही नसेल तर आजपासून सुरू केलेलं पहिलं पान चालेल. मीटर नसेल त्याने सांगावं, वसाहतीतला प्लंबर आम्ही ठरवून ठेवला आहे.